नातू ओलेक्सांद्र, मग त्याला सिकंदर म्हणावे का?

एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या मुलीचा विवाह युक्रेनच्या तरुणाशी झाला असून दोन महिन्यांपूर्वी या दांपत्याला मुलगा झाला. आई-वडिलांनी त्याचे नाव ओलेक्सांद्र ठेवले आहे. बाई लिहितात: ‘नाव ऐकल्यापासून आमच्या घरात तीन मते झाली आहेत. यजमानांचे म्हणणे असे, की हा सरळसरळ अलेक्झांडर आहे, तेव्हा आपण तसेच लिहावे आणि तसेच म्हणावे. दिरांना मुळात नावच पसंत नाही. आक्रमकाचे नाव मुलाला कशाला, असे ते विचारतात. पुतणी म्हणते, की त्यापेक्षा सिकंदर म्हणा, ते निदान आपल्या तोंडात बसते. तिकडे जावई बाळाला साश्को म्हणतात, विहीणबाई ओलेस म्हणतात आणि फोनवर कधी कधी ओलेस्यू असेही ऐकू येते. ही सगळी नावे एकच आहेत का? त्यांतले खरे कोणते? आणि मुलीला नाव बदलायला सांगावे का?’

सप्रेम नमस्कार.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो: सांगू नका. आपल्या घरातली तिन्ही मते नावाच्या अर्धवट ओळखीतून आलेली आहेत, आणि ओळख पूर्ण झाली की ती आपोआप मागे पडतील असे मला वाटते. ही सगळी नावे एकाच मुळाची आहेत, हे यजमानांचे म्हणणे खरे आहे. मात्र मूळ एक असले म्हणून एका रूपाच्या जागी दुसरे ठेवता येते, हा त्यांनी काढलेला निष्कर्ष खरा नाही.

नाव मूळचे ग्रीक आहे: अलेक्सान्द्रोस. त्याचे दोन भाग पडतात. पहिला ‘अलेक्स’, म्हणजे राखणे, संकट परतवून लावणे. दुसरा ‘आन्द्र’, म्हणजे पुरुष, माणूस. आता गंमत पाहा. या ग्रीक ‘अलेक्स’चे आणि संस्कृत ‘रक्ष्’ या धातूचे मूळ भाषाशास्त्रज्ञ एकच मानतात, आणि ग्रीक ‘आन्द्र’ व आपला ‘नर’ हेही सख्खे भाऊ आहेत. म्हणजे या नावाचा ‘नररक्षक’ असा अनुवाद केला, तर तो अर्थानेच नव्हे, तर धातूंनीही जुळतो. आपल्या घरी ज्यांना हे नाव अगदी परके वाटते आहे, त्यांना एवढे एकच सांगितले तरी पुरे व्हावे.

दिरांच्या आक्षेपाकडे मात्र जरा थांबून पाहायला हवे, कारण तो बऱ्याच जणांच्या मनात असतो. मॅसिडोनियाचा जो राजा इसवी सनापूर्वी 356 मध्ये जन्मला आणि 323 मध्ये बॅबिलोनमध्ये मरण पावला, त्याच्यामुळे हे नाव जगभर गेले, यात शंका नाही. पण नाव त्याचे नव्हते. त्याच्याच घराण्यात या नावाचे दोन राजे आधी होऊन गेले होते, आणि म्हणूनच इतिहासाच्या हिशोबात तो तिसरा अलेक्सान्द्रोस ठरतो. होमरच्या इलियडमध्ये ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस याला पुन्हा पुन्हा अलेक्सान्द्रोस याच नावाने संबोधले आहे. त्याहून मागे गेलो, तर इसवी सनापूर्वी सुमारे 1280 मध्ये आजच्या तुर्कस्तानातील हित्ती साम्राज्याचा सम्राट दुसरा मुवातल्ली याने विलुसा नावाच्या राज्याच्या ज्या राजाशी तह केला, त्याचे नाव अलाक्सान्दु असे कोरलेले आहे, आणि ते ग्रीक नावाचेच हित्ती रूप असावे असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. साधारण त्याच शतकातल्या, मायसिनी येथे सापडलेल्या मातीच्या एका पाटीवर ‘आ-रे-का-सा-दा-रा’ अशी सहा अक्षरे आहेत. त्या लिपीत ‘र’ आणि ‘ल’ यांना वेगळी चिन्हे नव्हती, हे लक्षात घेतले की ते नाव अलेक्सान्द्रा असे वाचता येते. ते स्त्रीचे नाव आहे. ज्या नावाला दीर आक्रमकाचे नाव म्हणतात, त्याची एक अतिशय जुनी लेखी नोंद एका बाईची आहे आणि ती त्या आक्रमकाच्या जन्मापूर्वी सुमारे नऊशे वर्षांची आहे, हे त्यांच्या कानावर घालावे.

हे नाव आपल्या देशात किती वेगवेगळ्या वाटांनी आले, हे पाहिले की आपल्या यजमानांच्या आणि पुतणीच्या मतांचा उलगडा होतो. पहिली वाट अशोकाची. त्याच्या तेराव्या शिलालेखात दूरच्या पाच यवन राजांची नावे आहेत, आणि त्यांतले एक ‘अलिकसुदर’ असे आहे. हा राजा एपिरसचा की कोरिंथचा, यावर विद्वानांत मतभेद आहेत. तो मॅसिडोनियाचा जगज्जेता मात्र नव्हे, कारण तो अशोकापूर्वीच मरण पावला होता. याच शिलालेखाच्या काळसी येथील प्रतीत हेच नाव ‘अलिक्यषुदले’ असे येते, कारण तिथल्या प्राकृतात ‘र’चा ‘ल’ होत असे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात यवन राजा मिलिंद आपला जन्म ‘अलसंद’ येथे झाल्याचे सांगतो, त्या स्थळनामातही हेच नाव आहे. ही प्राकृत रूपे पुढे व्यवहारात टिकली नाहीत. टिकली असती, तर आज आपण नातवाला अलिकसुदर म्हटले असते आणि घरात कोणी भुवई उंचावली नसती.

दुसरी वाट अरबी-फारसीची, आणि ती फार रंजक आहे. अरबी भाषेत नामाला ‘अल्’ हे उपपद लागते. ग्रीक नाव अरबी कानांवर पडले, तेव्हा त्याच्या आरंभीचा ‘अल’ हा नावाचा भाग नसून आपलेच उपपद आहे, असा समज झाला. उपपद वेगळे काढल्यावर उरले ते ‘इक्सान्दर’, आणि त्यातील ‘क्स’ची उलटापालट होऊन झाले ‘इस्कंदर’. ही उलटापालट आपल्याला अजिबात नवी नाही. ‘नुकसान’चे ‘नुसकान’ करणारा माणूस नेमके हेच करत असतो. पुढे फारसीत आरंभीचा स्वरही गळाला आणि ‘सिकंदर’ तयार झाले. याच कारणाने अलेक्झांड्रिया शहराला अरबीत ‘अल्-इस्कंदरिया’ म्हणतात. मलाय जगात पहिला स्वर टिकून राहिला. 1607 ते 1636 या काळात सुमात्रा बेटावरील आचे येथे राज्य करणारा सुलतान इस्कंदर मुदा म्हणून ओळखला जातो.

तिसरी वाट इंग्रजीची, आणि यजमानांचा ‘अलेक्झांडर’ त्या वाटेने आलेला आहे. त्यातला ‘झ’ पाहा. मूळ ग्रीक नावात ‘क्स’ आहे, ‘झ’ नाही. इंग्रज माणूस दोन स्वरांमधल्या त्या अक्षराचा उच्चार ‘ग्झ’ असा करतो, म्हणून आपल्याकडे ‘झ’ आला. त्यातला ‘ड’ही तसाच. इंग्रजांचा ‘द’ दंत्य नाही, तो आपल्या कानांना ‘ड’ वाटतो आणि आपण तो ‘ड’ लिहितो. सिकंदरमध्ये मात्र ‘द’ शाबूत आहे, कारण ते नाव फारसीतून आले आणि फारसीचा ‘द’ दंत्य आहे. थोडक्यात, नावात ‘झ’ आणि ‘ड’ दिसले की ते इंग्रजीचे बोट धरून आले आहे असे समजावे. आपल्या जावयांची भाषा या वाटेवर कुठेच नाही. युक्रेनी उच्चारात ‘क्स’ स्पष्ट आहे आणि ‘द’ दंत्य आहे, म्हणजे तो मराठी जिभेला इंग्रजी उच्चारापेक्षा सोपाच आहे. अलेक्झांडर लिहून यजमान नाव सोपे करत नाहीत. मराठी आणि युक्रेनी यांच्यामध्ये ते विनाकारण एक इंग्रज दुभाषा बसवत आहेत.

आता पुतणीच्या सूचनेविषयी. सिकंदर हे देखणे नाव आहे आणि त्याला स्वतःचा इतिहास आहे. इराणच्या झरथुष्ट्री परंपरेत याच राजाला शापित म्हणून दूषणे दिलेली आढळतात, तर फिरदौसीच्या शाहनाम्यात तो इराणच्या राजवंशाचाच एक वंशज होतो. एका देशात एकाच माणसाच्या वाट्याला असे दोन टोकांचे न्याय क्वचितच येतात. पुढे हे नाव किताब बनले. अलाउद्दीन खिलजीने आपल्या नाण्यांवर स्वतःला दुसरा सिकंदर म्हणवले, आणि 1489 मध्ये दिल्लीच्या गादीवर बसलेल्या निजाम खान लोदीने सिकंदर हेच नाव धारण केले. एखाद्याचे नशीब सिकंदर आहे असे आपण म्हणतो, तेव्हा तर ते विशेषनामही राहत नाही. यामुळेच माझी अडचण होते. ओलेक्सांद्र हे नाव ऐकणाऱ्या युक्रेनी माणसाच्या मनात यातले काहीच येत नाही, आणि सिकंदर ऐकणाऱ्या मराठी माणसाच्या मनात हे सगळे येते. मूळ एकच असले, तरी दोन नावे दोन वेगळ्या घरांत वाढली आहेत. लाडाने आजीने एखाद्या वेळी नातवाला ‘माझा सिकंदर’ म्हटले, तर त्यात काहीच बिघडत नाही. मात्र ते त्याच्या नावाचे भाषांतर आहे, असे समजून म्हणू नये.

रूप बदलले की नाव कसे दुसऱ्याच लोकांचे होते, याची उदाहरणे युरोपात हवी तेवढी आहेत. स्कॉटलंडमध्ये हे नाव राजघराण्यातून रुजले. हंगेरीत वाढलेली राणी मार्गारेट आणि राजा तिसरा माल्कम यांचा एक मुलगा 1107 मध्ये पहिला अलेक्झांडर म्हणून राजा झाला, आणि त्यानंतर दीडएकशे वर्षांत त्याच नावाचे आणखी दोन राजे झाले. गेलिक भाषेने या नावाचे ‘अॅलस्डर’ केले, त्यावरून ‘मॅकॅलिस्टर’, म्हणजे अॅलस्डरचा मुलगा, असे आडनावही निघाले. आज ते ऐकून कोणाला ग्रीसची आठवण होत नाही. स्पॅनिशमध्ये पूर्वी ‘अलेशान्द्रो’सारखा उच्चार होता, पुढे त्या ‘श’चा घशातून येणारा ‘ख’ झाला, आणि 1815 च्या लेखनसुधारणेनंतर तो नव्या अक्षराने लिहिला जाऊ लागला. म्हणून आजचा ‘अलेखान्द्रो’. हंगेरीत आरंभीची अक्षरे गळून ‘शांदोर’ राहिले. कवी पेतोफी शांदोर याचे नाव मी स्वतः बरीच वर्षे कोणते तरी निखळ हंगेरियन नाव समजत होतो, आणि त्याचा उच्चारही ‘सँडॉर’ असा चुकीचा करत होतो, हे येथे कबूल केलेले बरे.

सगळ्यांत बोलके उदाहरण अल्बेनियाचे आहे. पंधराव्या शतकात ऑटोमन सत्तेशी पंचवीस वर्षे झुंजलेला तिथला राष्ट्रपुरुष ग्येर्ग्य कास्त्रिओती हा स्कांदरबेग या नावाने ओळखला जातो, आणि हे नाव म्हणजे ऑटोमनांनीच त्याला दिलेले ‘इस्कंदर बे’. त्याच देशात ग्रीक जगज्जेत्याला ‘लेका’ म्हणतात, आणि 1926 पासून चलनात असलेल्या ‘लेक’ या नाण्याचे नाव त्याच्यावरून पडले आहे. म्हणजे एकाच देशात, एकाच मूळ नावाची दोन रूपे, आणि एकाच्या जागी दुसरे कोणी वापरत नाही. आपल्या यजमानांना मी हेच उदाहरण सांगेन.

आणि आता ‘ओ’. आपल्या पत्रात ज्याचा प्रश्न नव्हता, पण ज्यावर मला सर्वाधिक भर द्यावासा वाटतो, ते हे पहिले अक्षर आहे. रशियन भाषेत हे नाव ‘अलेक्सांद्र’ असे लिहितात, युक्रेनीत ‘ओलेक्सांद्र’. काही ग्रीक नावांच्या आरंभीचा ‘अ’ युक्रेनी बोलीत ‘ओ’ झाला, त्यामुळे रशियन अलेक्सेयच्या जोडीला तिथे ओलेक्सिय असतो. फरक एका स्वराचा आहे, पण त्यामागे बराच इतिहास आहे. 1876 मध्ये रशियाच्या झारने जर्मनीतील एम्स येथे मुक्कामी असताना एक फर्मान काढून युक्रेनी भाषेतील बहुतेक छपाईवर आणि परदेशातून युक्रेनी पुस्तके आणण्यावर बंदी घातली. तो झार होता दुसरा अलेक्सांद्र. नाव तेच, पण ‘अ’ने सुरू होणारे. पुढेही दीर्घकाळ युक्रेनी माणसांची नावे जगापुढे रशियन रूपातच जात राहिली. चित्रपट दिग्दर्शक ओलेक्सांद्र दोव्झेन्को यांचे नाव बाहेरच्या देशांत आजही अनेकदा ‘अ’ने सुरू होणारे छापलेले दिसते. त्यामुळे आपण सोयीसाठी, निव्वळ प्रेमापोटी, ‘ओ’चा ‘अ’ केला, तरी जावयांच्या घरी तो वेगळ्या अर्थाने ऐकला जाण्याची शक्यता आहे. बहुधा ते बोलून दाखवणार नाहीत.

लेखनाविषयी माझा सल्ला सरळ आहे. देवनागरीत ‘ओलेक्सांद्र’ असे लिहावे, आणि घरातल्या सर्वांनी एकच लेखन पाळावे. रोमन लिपीत युक्रेन सरकारने 2010 मध्ये ठरवलेल्या लिप्यंतराच्या नियमांनुसार हे नाव ओ या अक्षराने सुरू होते आणि त्यात ‘क्स’साठी के व एस ही दोन वेगळी अक्षरे येतात, एक्स येत नाही. पारपत्र, जन्मदाखला, पुढे कधी इच्छापत्र किंवा बँकेतली नोंद असो, प्रत्येक ठिकाणी जन्मदाखल्यावरचेच लेखन उतरवून घ्यावे, आणि कोणी हितचिंतक ‘हे चुकलेले दिसते’ म्हणून एक्स घालू लागला तर त्याला थांबवावे. एकाच माणसाच्या दोन कागदांवर दोन लेखने असली, की तो एकच माणूस आहे हे सिद्ध करण्याचे काम पुढे त्याच्यावरच येते.

औपचारिक रूप जपण्याला आणखी एक कारण आहे, आणि ते आपल्याला लगेच पटेल, कारण आपलीही रीत तशीच आहे. युक्रेनी माणसाच्या पूर्ण नावात स्वतःचे नाव, वडिलांच्या नावावरून आलेले नाव आणि आडनाव असे तीन घटक असतात. आपण मधे वडिलांचे नाव जसेच्या तसे लावतो. ते त्याला प्रत्यय जोडतात. उद्या आपल्या नातवाला मुलगा झाला तर त्याच्या नावात ‘ओलेक्सांद्रोविच’ येईल आणि मुलगी झाली तर ‘ओलेक्सांद्रिवना’. आज दाखल्यावर जे रूप लिहिले गेले आहे, ते पुढच्या पिढीच्या नावात असे मधोमध बसणार आहे.

राहिली ती लाडकी नावे; त्यांच्याबद्दल कसलीही चिंता करू नये. लांब नाव लाडात आखडते, आणि ते कुठून आखडते यात प्रत्येक भाषेची आवड वेगळी असते. इंग्रजीने पुढचा भाग ठेवून अॅलेक केले, तर स्कॉटिश लोकांनी मागचा भाग ठेवून सँडी केले. इटालियनांचा आणि जॉर्जियनांचा सांद्रोही मागच्या भागाचाच. स्लाव भाषांनी मधला ‘स’ पकडून साशा केले आणि तेवढ्यावर न थांबता साशाचे साशुरा व साशुराचे नुसते शुरा केले; या शेवटच्या नावात मूळ नावाचा ‘र’ तरी मूळचा आहे की प्रत्ययाचा, असा प्रश्न पडावा. जावयांचा ‘साश्को’ हा या साशाचाच युक्रेनी अवतार आहे, आणि विहीणबाईंचा ‘ओलेस’ हे ओलेक्सांद्रच्या पहिल्या भागाचे खास युक्रेनी लघुरूप. दोन्ही खरी आहेत. कागदावर यांतले कोणतेही जाणार नाही, हाकेत दोन्ही चालतील, आणि आपल्याला तिसरे एखादे मराठी लाडके नाव ठेवावेसे वाटले, तर आजीचा तो अधिकार कोणी नाकारणार नाही. मला विचाराल तर आपण विहीणबाईंचा ‘ओलेस’ उचलावा. म्हणायला सोपे आहे, आणि दोन्ही आज्यांची हाक एकच असेल.

फोनवर ऐकू येणारा ‘ओलेस्यू’ हे मात्र चौथे नाव नव्हे. युक्रेनी भाषेत संबोधन विभक्ती आजही जिवंत आहे. हाक मारताना ओलेसचे ओलेस्यू होते आणि ओलेक्सांद्रचे ओलेक्सांद्रे, जसे आपण गणेशला हाक मारताना गणेशा म्हणतो आणि बाळाला ‘अरे बाळा’. तेव्हा विहीणबाई बाळाविषयी आपल्याशी बोलत असतील, तेव्हा ओलेस ऐकू येईल, आणि फोन बाजूला धरून त्या बाळाशीच बोलू लागल्या, की ओलेस्यू.